“यातलं बरोबर उत्तर कोणतं, ताई?” : आघात-सजग बालशिक्षणाच्या संशोधनात नेमकं काय मोजलं जातं?

गेल्या वेळी सॅम्पलिंगवर लिहिलं होतं. त्यावर काही जणांनी विचारलं की टूल कसं निवडायचं, तयार टूल वापरावं की स्वतः बनवावं. उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं, माझ्या स्वतःच्या फसलेल्या पायलटबद्दल सांगितल्याशिवाय हे उत्तर देता येणार नाही. म्हणून आजची पोस्ट जरा लांब आहे. विषय आहे लहान मुलांना शिकवणाऱ्या, किंवा पुढे शिकवणार असलेल्या शिक्षिकांना दिलं जाणारं ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’चं प्रशिक्षण आणि त्यावरचं संशोधन. मी त्याला ‘आघात-सजग काळजी’ म्हणते. दीड वर्ष हेच वाचतेय, माझा प्रबंध यावरच आहे, आणि तरीही या संशोधनातल्या बऱ्याच भागावरचा माझा विश्वास उडालाय. का, ते सांगते.

आधी पायलट. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या, हरसूलच्या बाजूच्या काही अंगणवाडी सेविका आणि पूर्वप्राथमिकचा पदविका कोर्स करणाऱ्या काही मुली, मिळून चौदा जणी. एका दिवसाचं सत्र. सकाळी प्रश्नावली, मग प्रशिक्षण, संध्याकाळी पुन्हा तीच प्रश्नावली. परदेशात या विषयासाठी गाजलेलं एक टूल आहे, त्याच्या धर्तीवर मी प्रश्न तयार केले होते. दोन विरुद्ध विधानं समोरासमोर, मध्ये १ ते ७ आकडे, आपलं मत जिकडे झुकतं तिथे गोल करायचा. एका टोकाला ‘मूल मुद्दाम त्रास देतं’ अशा अर्थाचं काहीतरी, दुसऱ्या टोकाला ‘त्याच्या वागण्यामागे काहीतरी घडलेलं असतं’.

पाचव्याच मिनिटाला एका सेविकाताईंनी विचारलं, “ताई, आघात म्हंजे अटॅकच ना? हार्टचा?” मी समजावलं. त्यांनी मान हलवली, कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “बरं. मग यातलं बरोबर उत्तर कोणतं?” सगळ्या हसल्या, मीही हसले. संध्याकाळी गुण छान वाढले. दोन दिवस मी त्या आलेखाकडे बघून खूश होते.

मग तो आलेख गाइड मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “यातल्या किती जणींचं मत बदललं, आणि किती जणींना बरोबर उत्तर कळलं? हे तू वेगळं कसं करणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हळूहळू कळलं की या विषयातल्या बहुतेक पेपरांकडेही नाही.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत १९९८ मध्ये फेलिटी, अँडा आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. सॅन डिएगोतल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेकडे येणाऱ्या हजारो प्रौढांना बालपणातल्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं : मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड वगैरे. सुरुवातीला असे सात प्रकार होते, पुढे दहा झाले. जितके प्रकार जास्त, तितका मोठेपणी आजारांचा धोका जास्त, असा संबंध दिसला. याच बेरजेला ‘एस स्कोअर’ म्हणतात. त्यानंतर २०१४ मध्ये तिथल्या साम्सा या सरकारी यंत्रणेनं एक मार्गदर्शक टिपण काढलं. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत : आघाताचा परिणाम किती व्यापक असतो हे जाणा, त्याच्या खुणा ओळखा, त्या जाणिवेनं आपली पद्धत आणि धोरण बदला, आणि संस्थेच्याच वागण्यातून मुलाला पुन्हा तोच आघात होऊ देऊ नका. चौथी गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे परत येणार आहे.

कल्पना चांगलीच आहे. ‘या मुलाला झालंय काय?’ हा प्रश्न ‘हे मूल असं का वागतं?’पेक्षा केव्हाही बरा. माझी तक्रार आहे ती कल्पनेचं प्रशिक्षण करून ते मोजताना काय होतं, त्याबद्दल.

मोजमाप शिक्षिकेपाशीच थांबतं

तुम्ही लिट्रेचर रिव्ह्यू करणार असाल तर सुटे पेपर वाचण्याआधी त्या विषयावरचे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू शोधा. मी उलटं केलं आणि चार महिने घालवले. या विषयातले दोन रिव्ह्यू कामाचे आहेत.

पहिला मेनार्ड आणि सहकाऱ्यांचा, २०१९चा, कॅम्पबेल मालिकेतला. शाळांमधल्या आघात-सजग पद्धतींचा मुलांवर काय परिणाम होतो, हे त्यांना बघायचं होतं. निकष ठरवले : तुलनागट हवा, मुलांच्या बाजूनं काहीतरी मोजलेलं हवं, आणि कार्यक्रम केवळ नावापुरता आघात-सजग नको. सगळं चाळून झाल्यावर निकषांत बसणारे अभ्यास निघाले शून्य. पीएच.डी.च्या मुलाखतीत कुणी विचारलं तर ‘या पद्धतीचा उपयोग होत नाही असं सिद्ध झालंय’ असं चुकूनही म्हणू नका. उपयोग होतो की नाही, हे सांगण्याजोगा पुरावाच तेव्हा नव्हता, एवढंच तो रिव्ह्यू म्हणतो. या दोन वाक्यांत गल्लत करणारे सीनियर्सही मी पाहिलेत.

दुसरा रिव्ह्यू पर्टल यांचा. यात फक्त शाळा नाहीत, दवाखाने, बालगृहं असं सगळंच आहे. कर्मचाऱ्यांना आघात-सजग प्रशिक्षण दिलेले २३ अभ्यास. त्यातल्या १७ अभ्यासांत एकच गट, आधी चाचणी, नंतर चाचणी. म्हणजे माझा पायलटच. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या मुलांवर किंवा रुग्णांवर काय परिणाम झाला, हे पाहणारे अभ्यास २३ पैकी फक्त ८. त्यातल्या ५ अभ्यासांत सुधारणा दिसली.

एका गटाची आधी-नंतर चाचणी का पुरत नाही, हे नेट-सेटच्या गाइडांमध्ये ‘अंतर्गत वैधतेला असलेले धोके’ या मथळ्याखाली पाठ करायला दिलेलं असतं. पाठांतर सोडा, अंगणवाडीत बघा. जूनमध्ये नवीन आलेलं तीन वर्षांचं मूल दारात उभं राहून रडतं. ऑक्टोबरपर्यंत बरीचशी मुलं आपोआप रुळतात. मध्ये ऑगस्टमध्ये तुम्ही सेविकेला प्रशिक्षण दिलंत, तर ऑक्टोबरचं शांत मूल हे तुमच्या प्रशिक्षणाचं यश की चार महिन्यांचं? तुलनागटाशिवाय हे सांगता येत नाही. आणि प्रश्नावलीच्या बाबतीत तर मूलसुद्धा मध्ये नसतं. सकाळी ज्या ताईंनी दिवसभर भाषण केलं, त्यांच्याच हातून संध्याकाळी कागद घेऊन आपण त्यांना आवडेल तिथे गोल करतो. यात खोटेपणा नाही, हा पाहुणचार आहे.

मी ज्या टूलच्या धर्तीवर प्रश्न केले त्याचं नाव आर्टिक. बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेलं. टूल म्हणून ते मेहनतीनं बनवलेलं आहे, त्याच्यावर सरसकट टीका मला करायची नाही. त्याच्या ४५ प्रश्नांच्या मूळ आवृत्तीत दोन भाग असे आहेत, ज्यांत कर्मचाऱ्याला स्वतःला आधार मिळतो का आणि संस्था या पद्धतीच्या पाठीशी उभी आहे का, हे विचारलंय. पण ३५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे, त्यात हेच दोन भाग नाहीत. जिथे ही पद्धत अजून सुरूच झालेली नाही अशा ठिकाणांसाठी ती आहे, त्यामुळे वगळण्यामागे कारण आहे. तरी परिणाम बघा. अजून नोकरीला न लागलेल्या विद्यार्थिनी-शिक्षिकांवर संशोधन करताना छोटी आवृत्ती सोयीची पडते, आणि मग उरतं ते फक्त त्या मुलीच्या डोक्यातलं मत. तिला काम कुठे करायचंय, किती रजिस्टरं भरायचीत, मदतनीस आहे का, यातलं काहीच उरत नाही.

आपल्याकडची सेविका म्हणजे पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी करणारी, वजन-उंची घेणारी, लसीकरणाला हाक मारणारी, आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जसुद्धा भरलेली बाई. मानधन आणि पेन्शनसाठी ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविकांचा संप झाला, तो ५२ दिवस चालला. केंद्र सरकारच्या ‘पोषण भी, पढाई भी’मध्ये तिला बालशिक्षणाचं म्हणून तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. मार्च २०२४ मध्ये आलेला ‘आधारशिला’ अभ्यासक्रम तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातली खेळ, गोष्टी, मुलाशी बोलणं ही दिशा मला आवडते. पण या तीन दिवसांत अर्धा दिवस ‘आघात’ घुसवायचा, मग संध्याकाळी मताची चाचणी घ्यायची आणि पेपर छापायचा, याला मी तरी मुलांसाठी केलेलं संशोधन म्हणणार नाही.

दोन मेंदूंचं चित्र

मी एम.एस्सी. झूलॉजीची. या विषयात आले ती कॉर्टिसॉलच्या वाटेनं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये अंगणवाडीतल्या मुलांच्या लाळेचे नमुने घ्यायचा बेत होता. कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं, पण पाळणाघरातल्या मुलांमध्ये अनेकदा ते उतरण्याऐवजी चढतं, असं पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांवरून दिसतं. मला वाटलं, आपल्याकडे करू. मॅडम म्हणाल्या, आकडा आला की त्या सेविकेला तू काय सांगणार? बेत बारगळला. फ्रीजरचा खर्चही वाचला, हे वेगळं.

त्यामुळे या प्रशिक्षणांत मेंदूबद्दल जे सांगतात, ते मी जरा जास्त बारकाईनं ऐकते. तुम्ही एकदा तरी पाहिलं असेल असं एक चित्र आहे : तीन वर्षांच्या दोन मुलांच्या मेंदूचे स्कॅन शेजारी शेजारी, डावीकडचा मोठा, उजवीकडचा लहान आणि मध्ये काळ्या पोकळ्या. खाली लिहिलेलं असतं ‘सामान्य’ आणि ‘दुर्लक्षित’. बाईंचं मन हेलावतं, चित्र लक्षात राहतं. पण ते ब्रूस पेरी यांच्या पेपरातलं आहे आणि त्यातलं उजवीकडचं मूल संवेदनांच्या अत्यंत टोकाच्या वंचनेत वाढलेलं आहे. हे एका मुलाचं चित्र आहे, गटाची सरासरी नव्हे. ते दाखवून ‘घरी भांडणं झाली की मेंदू असा होतो’ असं सांगणं म्हणजे सरळ चुकीचं शिकवणं. मी बसलेल्या एका सत्रात (कुणाचं ते सांगत नाही) असंच सांगितलं गेलं. माझ्या शेजारच्या विद्यार्थिनीनं वहीत लिहून घेतलं, ‘मेंदू लहान होतो’. ती उद्या अशा घरातल्या मुलाकडे बघताना काय बघेल? ज्याचं आता काही होणार नाही, असं मूल.

पुरावा तर याच्या उलट दिशेचा आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० पासून झालेला अभ्यास वाचा. अनाथालयांतली १३६ लहान मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एक अनाथालयातच राहिला, दुसऱ्याला पालक-कुटुंबं मिळाली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ सुधारली, लवकर गेलेल्यांची अधिक. या अभ्यासाच्या नैतिकतेवर खूप वाद झाला आणि तो वादही वाचण्यासारखा आहे. माझ्यासाठी त्यातली गोष्ट अशी की तिथे मुलाची परिस्थिती बदलली आणि मग मुलाला मोजलं. दाई काय मत बाळगते, ते नव्हे.

मळके कपडे

आता त्र्यंबकला येते. माझं गाव आहे म्हणून नाही, परदेशी टूल इथे आणलं की नेमकं कुठे मोडतं हे इथे स्वच्छ दिसतं म्हणून.

एस स्कोअरमध्ये पुढे भर पडलेल्या प्रकारांत ‘शारीरिक दुर्लक्ष’ आहे. पुरेसं खायला न मिळणं, मळके कपडे घालावे लागणं, अशा गोष्टींवरून ते ठरवतात. विमा असलेल्या सॅन डिएगोकरांना विचारायला ठीक. पण आपल्या तालुक्यातल्या मेटघर, रोहिले यांसारख्या गावांत एप्रिलमध्ये बायका विहिरीत उतरून वाटी-वाटीनं पाणी भरतात, त्याचे व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिलेत. पावसाळ्यात जिथे ढग कोसळतो, तिथेच उन्हाळ्यात हे. तिथल्या मुलाचे कपडे एप्रिलमध्ये मळके असतील, तर टूलनुसार तो आईच्या नावावर पडलेला एक गुण. आई पहाटे चारला विहिरीवर गेलेली असते.

ही नुसती भाषांतराची चूक म्हणता येत नाही. दुःखाचा पत्ता कुठे शोधायचा, हे टूल आधीच ठरवून आलंय : घराच्या आत. शेजारच्या इगतपुरी तालुक्यात २०२२ मध्ये उघड झालं की कातकरी कुटुंबांतली लहान मुलं थोडक्या पैशांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेली होती. त्यात एका मुलीचा जीव गेला. तिच्या धाकट्या भावंडांना अंगणवाडीत बसवून स्कोअर काढला, तर ‘पालकांपासून ताटातूट’ असं काहीतरी निघेल. कर्ज निघणार नाही. मजुरी निघणार नाही. अँडा यांनीच २०२० मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलंय की हा स्कोअर एकेका माणसाचं निदान करायला वापरू नका, तो लोकसमूहाच्या पातळीवरचा आहे. तरीही प्रशिक्षणांत दहा प्रश्नांची पट्टी वाटतात आणि भावी शिक्षिकांना वर्गातली मुलं त्यावर ‘ओळखायला’ सांगतात.

सेविकांच्या बाबतीत मला याची जास्त भीती वाटते, कारण त्यांना शिक्के मारायची सवय व्यवस्थेनंच लावलीय. सॅम, मॅम, स्थलांतरित. पायलटच्या सत्रानंतर एका ताईंनी अगदी मनापासून विचारलं, “मग आमच्याकडचे आघातवाले कोणते, त्याची यादी करून ठेवू का?” हा माझ्या प्रशिक्षणाचा निकाल होता, आणि तो प्रश्नावलीत कुठेच उतरला नव्हता. मी त्या दिवशी जे शिकवलं, त्यातून चार-पाच वर्षांच्या पोरांवर एक नवा शिक्का तयार होणार होता. साम्साची चौथी गोष्ट आठवा : संस्थेनं स्वतः पुन्हा घाव घालायचा नाही.

आणखी एक अडचण, डिझाइनची. आमच्याकडून दिवाळीनंतर कुटुंबं बाहेर पडतात. कुणी गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभं राहून द्राक्षबागांत जातं, कुणी वीटभट्टीवर, काही होळीला परततात, काही पावसाच्या तोंडावर. मी प्री-टेस्ट ऑक्टोबरमध्ये आणि मुलांची पोस्ट-टेस्ट जानेवारीत ठेवली होती. म्हणजे ज्या मुलांसाठी हा विषय घेतला, तीच मुलं पोस्ट-टेस्टला हजर नसणार, आणि उरलेल्या त्यातल्या त्यात स्थिर घरांतल्या मुलांवरून मी ‘सुधारणा झाली’ असं लिहिणार. सॅम्पलमधून गळती होते तेव्हा किती टक्के गळाले एवढं लिहून थांबू नका. कोण गळालं, ते लिहा.

बोर्डीचं अंगण

मराठीत या विषयावर काहीच नाही, सगळं बाहेरून आणावं लागतं, असं माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं. ते वाक्य आता वाचताना कान गरम होतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडला गेलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी येत नसलेल्या मुलांची यादी केली नाही. बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. कोसबाडच्या टेकडीवर मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हा त्यांच्या बालवाडीच्या दिनक्रमाचाच भाग होता. म्हणजे मळक्या कपड्यांवरून घराला गुण द्यायच्या ऐवजी पाणी तापवलं.

ताराबाई-अनुताईंनी ‘आघात’ हा शब्द आजच्या अर्थानं वापरला नव्हता आणि त्यांना मरणोत्तर या सिद्धांताच्या जनक ठरवायचा मोह मला टाळायचाय. आपल्याकडे ती खोड आहेच. त्यांच्या कामालाही त्यांच्या काळाच्या मर्यादा होत्या. स्वच्छतेच्या आग्रहात वरून खाली बघण्याचा सूर कुठे कुठे येतो का, हे तपासायला हवं. पण प्रशिक्षणाच्या दृष्टीनं एक फरक मोठा आहे. तिथे शिकायला येणाऱ्या बाया त्याच मुलांमध्ये राहून शिकत होत्या. मत आधी आणि कृती नंतर, असा क्रमच नव्हता. अंगण झाडायचं, मूल मांडीवर घ्यायचं, काल न आलेल्याच्या घरी जायचं, मत होईल तेव्हा होईल. आजच्या संशोधनाचा सगळा भर मात्र ‘मत बदललं की वागणं बदलेल’ या गृहीतकावर आहे, आणि ते गृहीतक तपासलेलं नसतं.

मग मी काय बदललं? प्रश्नावली पूर्ण टाकली नाही, पण तिला मुख्य जागेवरून काढलं. आता मुख्य टूल निरीक्षणाचा तक्ता आहे, दिवसातल्या चार वेळांसाठी : मूल आत येतं तेव्हा, खिचडीच्या वेळी, शू-शीच्या वेळी, आणि बऱ्याच दिवसांनी परत आलेलं मूल पहिल्यांदा दारात उभं राहतं तेव्हा. मोठी माणसं काय म्हणतात, काय करतात, तेवढंच लिहायचं. सेविकेनं मुलाला दमात घेतलं का, इतरांसमोर लाज वाटेल असं बोलली का, पुढे काय होणार हे आधी सांगितलं का. दोन गट, एकाला प्रशिक्षण आधी, दुसऱ्याला सहा महिन्यांनी, म्हणजे कुणी वंचितही राहत नाही. आणि वेळापत्रक शैक्षणिक वर्षाचं नाही, जाण्या-येण्याचं : दिवाळीआधी, होळीनंतर, जूनमध्ये. यात माझी सॅम्पल लहान राहणार, आकडेशास्त्राच्या बाजूनं परीक्षक मला धरणार, हे दिसतंय. सध्या तरी मी ते स्वीकारलंय.

एक गोष्ट तुम्ही सिनॉप्सिस लिहितानाच बघा, मी फार उशिरा पाहिली. माझ्या संमतीपत्रात ‘तुम्ही दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असं छापलेलं होतं. सगळेच छापतात. पण मुलाखतीत एखाद्या सेविकेनं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं तर? पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संशोधकाला सूट नाही. म्हणजे माझ्या संमतीपत्रातलं वाक्य मी पाळूच शकणार नव्हते. आता तिथे स्पष्ट लिहिलंय की मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर माहिती कळवावी लागेल, आणि हे मुलाखतीआधी तोंडीही सांगते. सांगितल्यावर काही जणी बोलायच्या कमी होतील. होऊ देत. शिवाय शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घालणारं शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, अंगणवाडीतली मुलं त्या व्याख्येत येत नाहीत. माझ्या तक्त्यात ‘दमात घेणं’ मोजायचं ठरवलं त्यामागे हेही एक कारण आहे.

पायलटमधली एक नोंद तेव्हा ‘असंबद्ध’ म्हणून बाजूला ठेवली होती. हजेरी घेताना एक ताई गेलेल्या मुलांचीही नावं घ्यायच्या. ट्रॅकरवर ती मुलं स्थलांतरित म्हणून गेलेली, पण तोंडी हजेरीत होती. नाव घेतलं की बाकीची पोरं एका सुरात ओरडायची, “भट्टीवर गेलाय, होळीला येणार!” मग पुढचं नाव. मी विचारलं असं का करता, तर म्हणाल्या, “आल्यावर त्याला नवीन नाय वाटत ना.” त्यांचे प्रश्नावलीतले गुण चौदा जणींत खालून तिसरे होते.

ही नोंद आता तक्त्यात गेलीय, ‘गैरहजर मुलाचा उल्लेख’ या रकान्यात. अडचण अशी की माझ्याबरोबरची दुसरी निरीक्षक तो उल्लेख वेगळ्या रकान्यात टाकते आणि आमची जुळणी अजून हवी तेवढी येत नाही. दोन निरीक्षकांची जुळणी कशी काढायची, कप्पा म्हणजे काय आणि तो कमी आला तर तक्ता बदलायचा की निरीक्षक, यावर पुढची पोस्ट. तोवर तुमच्या टूलमध्ये मोजमाप कुणापाशी थांबतं ते बघून कमेंटमध्ये लिहा, विषय कुठलाही असो.